वासाने अचानक लहानपणात नेऊन सोडलंय का कधी?

ओलीमाती:
परवा कामासाठी एका इमारतीचा जिना चढत होते, ओळखीचं कुणीच राहत नाही तिथे. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी घरात दूध तळाला लागलं होतं. उतू गेलेलं नाही, लागलेलं. ज्यांनी रोज दूध तापवलंय त्यांना हे दोन वास वेगळे असतात हे सांगायला नको. उतू गेलेल्याचा वास झणकन नाकात जातो आणि विरतो, लागलेल्याचा जाड, गोडसर, करपट, घरभर बसून राहतो. तर तो वास आला आणि मी कठडा धरून तिथेच थांबले, कारण मी पाच वर्षांची होते, अंगात ताप होता, पायांवर जड पांघरूण होतं आणि आजी माझ्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी बदलत होती, आणि तेवढ्यात ती "अगंबाई, दूध!" म्हणून उठली. इतकंच. हे मला त्याआधी कधीच आठवलं नव्हतं. पस्तीस वर्षं हे कुठे होतं?

आणि जिन्यात उभं असतानाच लक्षात आलं की दूध लागलं कारण ती माझ्यापाशी बसली होती.

धागा काढायचं खरं कारण माझी आई. ती आजी म्हणजे तिचीच आई. दोन वर्षांपूर्वी आईला व्हायरल ताप झाला आणि त्यात तिचा वास गेला, तो अजून नीट आलेला नाही. सुरुवातीला आम्ही कुणी मनावर घेतलंच नाही, येईल हळूहळू म्हणत राहिलो, त्याचं मला आज फार वाईट वाटतं. ती म्हणते जेवण म्हणजे आता गरम, गार, ओलं, कोरडं, खारट, आंबट, बस. मी तिला ही जिन्यातली गोष्ट सांगितली तर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मलाही आईची आठवण येते गं, पण मी काढली तर येते. आपणहून येत नाही आता."

ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये. म्हणून विचारतेय, तुम्हाला कुठला वास कुठे नेऊन सोडतो ते लिहा, सविस्तर लिहा, मी तिला वाचून दाखवणार आहे. आणि असं का होतं हे कुणाला माहीत असेल तर तेही लिहा प्लीज.

रात्रपाळी:
संत्र्याची साल. सोलताना तो बारीक फवारा उडतो ना, तो. मी आणि भाऊ साल दुमडून एकमेकांच्या डोळ्यांवर नेम धरायचो, डोळे चुरचुरायचे, पाणी यायचं, आणि तरी परत तेच. भाऊ आता खूप लांब असतो. कधी कधी खायचं नसलं तरी एक संत्रं सोलते मी.

आईंना माझा नमस्कार सांगा.

शब्दवेडा:
माझा भाजलेल्या दाण्यांचा. आत्याने मला कढईपाशी ढवळायला बसवलं होतं आणि मी सारखा विचारायचो, झालं का, झालं का. ती वळून बघायचीसुद्धा नाही, दुसरीकडे काहीतरी निवडत बसलेली असायची, नुसतं नाक जरा वर करून सांगायची, "अजून कच्चट येतोय." मग थोड्या वेळाने, "हां, आता खमंग येतोय." आणि मग एकदम, "उतरव, उतरव, खरपूस झालेत, आता करपतील." हे शब्द मी पुस्तकातून शिकलेलो नाही, नाकातूनच शिकलोय. अजूनही कुठे खरपूस हा शब्द वाचला तरी हाताला त्या उलथन्याची धग लागते.

यावरून एक सांगतो. वासाला भाषेत शब्द नसतात, आपण नुसतं "अमक्यासारखा वास" म्हणतो, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. सगळ्या भाषांबाबत ते खरं नाही. मलाया द्वीपकल्पात जहाई नावाचे लोक आहेत, जंगलात शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून राहणारे, त्यांच्या भाषेत निव्वळ वासासाठी डझनभर शब्द आहेत. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट या दोघांनी २०१४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जहाई माणूस वासाचं नाव जितक्या सहज सांगतो तितक्या सहज रंगाचं सांगतो, तेच वास इंग्रजी बोलणाऱ्यांना दिले तर ते अडखळत राहिले. पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा या तिघांना जहाईत एकच शब्द लागतो म्हणे, म्हणजे वस्तू वेगळी पण वासाची जात एक.

आता आपलं बघा. खमंग, खरपूस, करपट, कच्चट, आंबूस, खवट, कुबट, वशाट, उग्र. दरवळ वेगळा, घमघमाट वेगळा, भपकारा वेगळा. खवट शब्द दाण्याला लागतो, तेलाला लागतो, जुन्या पिठाला लागतो, वस्तू कुठलीही असो. म्हणजे आपल्याकडेही ती सोय आहे आणि मला वाटतं आपण ती फार वेगाने घालवतोय, सगळंच "छान वास" किंवा "घाण वास" होत चाललंय. ओलीमाती, तुम्ही वर दोन प्रकारच्या दुधाच्या वासात फरक केलात ना, तो वाचून मला फार बरं वाटलं.

प्रयोगवही:
मी अन्नाचं रसायनशास्त्र शिकवतो, मेंदूचा तज्ज्ञ नाही, तरी याबद्दल बरंच वाचलंय म्हणून लिहितो.

डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं, हे सगळं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या एका नाक्यावरून जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. वासाला तो नाका नाही. नाकाच्या आत वर, अगदी छतापाशी, एक लहानसा पट्टा असतो, तिथल्या पेशींचे धागे सरळ मेंदूच्या पुढच्या भागातल्या ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये शिरतात. आणि तिथून भावनांशी जोडलेला अमिग्डाला आणि आठवणींशी जोडलेला हिप्पोकॅम्पस अगदी हाकेच्या अंतरावर. म्हणून जिन्यात वास आला तेव्हा "हे लागलेलं दूध आहे" हा विचार यायच्या आधीच तुमच्या घशाशी आवंढा आला असणार. आधी भावना, मग चित्र, आणि नाव सगळ्यात शेवटी. बरोबर ना?

त्या पट्ट्यातल्या पेशींवर वास पकडणारे रिसेप्टर असतात. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१ साली शोधली आणि त्यासाठी २००४ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. माणसात असे चालू अवस्थेतले रिसेप्टर साधारण ४०० प्रकारचे. एक रेणू त्यातल्या अनेकांना कमीजास्त हलवतो आणि त्या सगळ्यांचा मिळून एक ठसा उमटतो, पेटीवर एकदम बऱ्याच पट्ट्या दाबल्यासारखा. आणि तुमचं लागलेलं दूध म्हणजे एक रेणू नव्हेच. दूध तापलं की त्यातल्या प्रथिनांमधून गंधकाची संयुगं सुटतात, तळाशी साखर आणि प्रथिनं मिळून तपकिरी होतात (लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ती प्रक्रिया), त्याच्यावर थोडं खरंच जळतं. एवढं सगळं मिळून ती पाच वर्षांची मुलगी.

तुमच्या "पस्तीस वर्षं हे कुठे होतं" बद्दल. स्वीडनमध्ये योहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, ६५ ते ८० वयाच्या ९३ लोकांवर केलेला. काहींना शब्द दिले, काहींना चित्रं, काहींना वास, आणि त्यावरून काय आठवतं ते विचारलं. शब्दांनी आणि चित्रांनी ज्या आठवणी आल्या त्या जास्त करून ११ ते २० या वयातल्या. वासांनी आलेल्या बहुतेक दहाच्या आतल्या. आणि त्या लोकांनी असंही सांगितलं की या आठवणी मधल्या काळात त्यांनी फारशा काढल्याच नव्हत्या. मला तर वाटतं त्या इतक्या ताज्या राहतात त्या यामुळेच, हाताळून झिजलेल्या नसतात.

एक मात्र सांगायला हवं. वासाने आलेली आठवण जास्त भरून येणारी असते, जास्त अचूक असतेच असं नाही. कपाळावरची घडी खरी, पण पांघरूण कुठल्या रंगाचं होतं यावर पैज लावू नका.

ओलीमाती:
सर, अगदी असंच झालं! आधी घशाशी आलं आणि मग कळलं की दूध. आईला हे वाचून दाखवलं, तिने "नाका नाही" हे दोनदा वाचायला लावलं.

खिडकीपाशी:
सगळे गोड लिहितायत म्हणून मला लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते.

माझा वास म्हणजे खूप वेळ शिजवलेली कोबी. मी आठ वर्षांची असताना मला घरापासून लांब एका निवासी शाळेत ठेवलं होतं. शाळेचं नाव नको. रोज संध्याकाळी मोठ्या पातेल्यात कोबी शिजायची, तासन् तास, आणि तो वास जिन्यातून वर झोपायच्या खोलीपर्यंत यायचा, उशीत शिरायचा. त्याच वेळी दिवे लागायचे, आणि त्याच वेळी मला कळायचं की आजही कुणी न्यायला आलेलं नाही. आज मी पन्नाशीला आले, मला माझी स्वतःची मुलं आहेत, तरी कुणाच्या घरी तो वास आला की संध्याकाळ होते. दुपारचे बारा वाजलेले असले तरी संध्याकाळ होते. एकदा एका हॉटेलातून जेवण अर्धवट टाकून उठून आले, नवऱ्याला कारण सांगता आलं नाही, पोटात दुखतंय म्हटलं.

हे कधी जातं का? नवीन चांगली आठवण त्याच्यावर बसवता येते का?

प्रयोगवही:
लिहिलंत ते बरं केलंत.

पूर्ण पुसलं जाणं अवघड आहे. यारा येशुरुन आणि नोम सोबेल यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की एखाद्या वासाची एखाद्या गोष्टीशी जी पहिली जोडणी होते तिला मेंदूत वेगळंच स्थान मिळतं, नंतरच्या जोडण्यांना तसं मिळत नाही. तुमची पहिली जोडणी ती शाळा झाली.

पण रसायनशास्त्राच्या बाजूने एक वाट आहे. तो वास कोबीचा नाही, जास्त शिजलेल्या कोबीचा आहे. कोबीतली गंधकाची संयुगं जितका वेळ शिजवाल तितकी जास्त सुटत जातात. तीच कोबी बारीक चिरून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परतलीत तर कडांना तपकिरी रंग येतो आणि वास गोडसर, दाण्याच्या अंगाने जाणारा येतो. नाकासाठी तो जवळपास दुसराच पदार्थ आहे, त्याला पहिली जोडणी नव्याने मिळू शकते. जुना वास जुन्या जागी राहील, पण निदान भाजी तरी तुमची परत तुम्हाला मिळेल.

खिडकीपाशी:
असा विचार कधी केलाच नव्हता. बघते करून. घाई नाही करणार.

अर्धविराम:
माझा प्रश्न उलटा आहे. मला वास परत आणायचाय आणि येत नाहीये.

मी पाच वर्षांचा असताना आई एक वर्ष हॉस्पिटलमध्ये होती आणि मी आणि ताई मोठ्या काकूकडे राहिलो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात आनंदाचं वर्ष असावं असं मला नेहमी वाटतं, अंगण, मांजर, काकूचा मोठा आवाज. काकू रात्री बटाटे आणि कांदा परतायची. बाकी काही नाही, बटाटा, कांदा, मीठ. तो वास मला अधूनमधून स्वप्नात येतो, खरंच येतो. काकू जाऊन वीस वर्षं झाली. मी आत्तापर्यंत दहा-बारा वेळा करून बघितलं. लोखंडी तवा घेतला, आच कमीजास्त करून बघितली, कांदा आधी, बटाटा आधी, दोन्ही एकदम. चव चांगली होते, पोरं आवडीने खातात, पण वास तो नाही. जवळ जाऊन उभा राहिल्यासारखं वाटतं आणि दार उघडत नाही.

शब्दवेडा:
बटाटे आधी कोरडे करता का? ओले टाकले तर वाफवले जातात, परतले जात नाहीत. तव्यात गर्दी केली तरी तेच.

प्रयोगवही:
हे बरोबर आहे. पाणी आहे तोवर बटाट्याचा पृष्ठभाग १०० अंशाच्या वर जात नाही आणि मायारची प्रक्रिया साधारण १४० च्या पुढे खरा जोर धरते. पण तुम्ही दहा-बारा वेळा केलंय म्हणजे एवढं जमलं असणारच. काहीतरी मुळातच वेगळं आहे.

खिडकीपाशी:
तेल कुठलं वापरता?

अर्धविराम:
साधंच, शेंगदाण्याचं, पिशवीतलं रिफाइंड. काकूकडेही शेंगदाण्याचंच होतं एवढं नक्की आठवतं.

खिडकीपाशी:
तिच्याकडे रिफाइंड नसणार हो. घाण्याचं असणार. डब्याचं झाकण काढलं की खोलीभर वास यायचा असं.

प्रयोगवही:
खिडकीपाशी, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत, माझ्या लक्षात यायला हवं होतं. रिफाइंड करताना एक पायरीच अशी असते जिचं काम तेलाचा वास काढून टाकणं. निर्वात टाकीत, दोनशे अंशांच्या वर तापलेल्या तेलातून वाफ सोडतात, ती वाफ वासाचे रेणू घेऊन निघून जाते. मागे राहतं ते जवळपास बिनवासाचं तेल. म्हणजे तुम्ही जे शोधताय ते पिशवीत भरायच्या आधीच कारखान्यात वेगळं काढलेलं आहे. घाण्याचं घ्या आणि मंद आचेवर तापवा, ते लवकर धुरावतं.

नवीसभासद:
बरेच दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदा लिहितेय. मला सातवा महिना आहे. कुठेतरी वाचलं की बाळाला पोटातच आईच्या जेवणाचे वास कळायला लागतात, खरंय का? हा धागा वाचल्यापासून मी स्वयंपाक करताना सारखा विचार करतेय की माझ्या बाळाला मोठेपणी कुठल्या वासाने मी आठवेन. मला खूप चांगला स्वयंपाक येत नाही.

प्रयोगवही:
हो, खरं आहे. ज्युली मेनेला यांच्या २००१ च्या अभ्यासात काही गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत नेमाने गाजराचा रस प्यायला दिला होता. पुढे त्यांच्या बाळांना वरच्या खाण्यात गाजराची चव दिली तेव्हा त्यांनी इतर बाळांपेक्षा तोंडं कमी वाकडी केली. गर्भाशयातल्या पाण्यातून ती चव त्यांना आधीच भेटलेली होती. म्हणजे ओळख तुमची सुरूसुद्धा झालीये.

ओलीमाती:
नवीसभासद, अभिनंदन गं! आणि चांगल्या स्वयंपाकाचं अजिबात मनाला लावून घेऊ नकोस. माझी आजी उत्तम स्वयंपाक करायची, नातेवाईक अजून तिच्या हाताची चव काढतात, आणि मला ती कशाने मिळाली तर करपलेल्या दुधाने. तिला विचारलं असतं की नातीने तुला कुठल्या वासाने आठवावं तर तिने हे कधीच निवडलं नसतं, उलट लाजली असती. तू काय शिजवतेस ते बाळ ठरवणार नाही, मला वाटतं, तू त्या वेळी कुठे बसली होतीस ते ठरवेल.

रात्रपाळी:
मी वृद्धांच्या वॉर्डात रात्री काम करते म्हणून एक लिहिते. एक आजोबा होते, विस्मरण बरंच पुढे गेलेलं, मुलीलासुद्धा "बाई" म्हणून हाक मारायचे. पहाटे आम्ही कॉफी करायचो तर एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि दुकान उघडलं का विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी मला पंधरा मिनिटं कॉफी दळायचं यंत्र कसं साफ करायचं ते समजावलं, ब्रश कसा धरायचा, कोपऱ्यातला चुरा कसा काढायचा, एकही शब्द न चुकता. लहानपणी वडिलांच्या दुकानात बसायचे असं मुलीने नंतर सांगितलं. तिने ते काम त्यांना करताना कधी बघितलेलंही नव्हतं.

सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही हेही सांगते, अल्झायमरमध्ये वासाची जाण बऱ्याचदा सुरुवातीलाच कमी होते. त्यामुळे नातेवाइकांनी फार आशेने डबे भरून आणले आणि काहीच झालं नाही तर त्यांना फार लागतं. तरी आणावं असं मी सांगते.

ओलीमाती, आईंचं पुढे काही केलंत का? नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवलंत?

ओलीमाती:
दाखवलं, उशिरा दाखवलं. त्यांनी वासाचा व्यायाम सांगितलाय, सहा आठवडे झाले.

प्रयोगवही:
थॉमस हुमेल यांनी जर्मनीत २००९ साली मांडलेली पद्धत असणार. गुलाब, लिंबू, निलगिरी, लवंग, चार वास, दिवसातून दोनदा, प्रत्येक काही सेकंद शांतपणे हुंगायचा, बारा आठवडे. नाकातल्या त्या पेशी मुळात आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, मेंदूच्या इतक्या जवळच्या पेशींमध्ये ही फार क्वचित आढळणारी गोष्ट आहे, म्हणून आशा असते. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण बारा आठवड्यांवर थांबू नका, पुढेही चालू ठेवतात लोक.

आणि मधे एखादा वास विचित्र यायला लागला तर घाबरू नका. परत येताना नाक चुकतं. कॉफी, कांदा, लसूण यांचे वास बऱ्याच जणांना काही काळ कुजकट येतात.

ओलीमाती:
अगदी! मागच्या आठवड्यात कांदा परतला तर ती "काय सडलंय गं?" म्हणत आली. मी रडायच्या बेतात आले, आणि ती खूश झाली, म्हणाली निदान काहीतरी तरी आलं.

अर्धविराम:
घाण्याचं तेल मिळालं. लिहायला वेळ लागला कारण काय लिहावं कळत नव्हतं.

झाकण काढलं तेव्हा काही झालं नाही, दाण्याचा वास आला बस. तापवलं तेव्हाही नाही. कांदा टाकला आणि तो कडेने लाल व्हायला लागला तेव्हा दार उघडलं. काकू दिसली नाही, मला वाटलं होतं ती दिसेल. पायाखाली गार फरशी आली, आणि डाव्या हातात मांजराच्या मानेची कातडी, ती सैल असते ना ती, आणि आता कुणीतरी मला जेवायला हाक मारणार आहे, मला काही करायचं नाहीये, हे. एवढंच. मी उलथनं हातात धरून उभा राहिलो आणि खालची बाजू करपली.

ताई त्या दिवशी घरी आली होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती बाहेरून आली, चप्पल काढता काढता थांबली आणि दारातच खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. ती म्हणाली, काकूचं घर. आणि रडायला लागली, आनंदाने नाही. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला माहीत होतं की आई वाचेल की नाही हे कुणालाच सांगता येत नाहीये, मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री बटाटे परतायला लागायचे तेव्हा काका हॉस्पिटलातून परत यायचे, आणि ती रोज त्यांच्या तोंडाकडे बघायची. मी मांजर धरून बसलेला असायचो आणि ती दाराकडे बघत असायची, एकाच खोलीत. म्हणाली, "तुला कळू द्यायचं नाही असं मीच काकूला सांगितलं होतं."

पंचेचाळीस वर्षं मी तिला त्या वर्षाच्या गमती सांगत आलोय. ती ऐकून घ्यायची.

आम्ही ते बटाटे खाल्ले, करपलेली बाजूसुद्धा. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतले. तेलाची बाटली निघताना बरोबर नेली तिने, मी विचारलं नाही कशाला.

खिडकीपाशी:
अर्धविराम, तुमच्या ताईंना माझा नमस्कार. मी दाराकडे बघणं काय असतं ते जाणते.

कोबी अजून केलेली नाही. आणलीये.

शब्दवेडा:
काय लिहू. दोनदा वाचलं.

ओलीमाती:
हे सगळं मी आईला टप्प्याटप्प्याने वाचून दाखवतेय. अर्धविराम यांचं काल वाचलं, तिने मध्ये थांबवलं आणि पाणी मागितलं, मग म्हणाली वाच पुढे.

आज सकाळचं सांगते. मी दूध गॅसवर ठेवून फोनवर बोलत होते, ती पलीकडच्या खोलीत, दार लोटलेलं, पंखा चालू. तिथून हाक आली, काहीतरी जळतंय का बघ. मी धावले, लागलं होतं, तळाला. गॅस बंद केला आणि तिच्याकडे जाऊन विचारलं, तुला वास आला? दुधाचा आला? तर म्हणाली, "दूध आहे का ते नाही सांगता येत. जळकं काहीतरी आहे. लांबून."

पातेलं तिच्या खोलीत नेऊन ठेवलं मी. मग दोघी तिथेच बसलो. मला पाच मिनिटांनी येईनासा झाला, नाक सरावतं ना, आणि ती डोळे मिटून म्हणत होती, अजून येतोय, थांब, अजून येतोय.